कॉफीच्या टेबलाशी मंडळी: रोजच्या जागांत भरणाऱ्या ख्रिस्ती सभांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चच्या इमारतीबाहेर, म्हणजे कॉफीच्या दुकानात, वाचनालयाच्या खोलीत, शाळेच्या सभागृहात किंवा खेळाच्या क्लबात नियमित सभा भरवायची असं मनात आलं की प्रश्नांची रांग लागते. काही प्रश्न पाळक विचारतात, काही जागेचे मालक. आणि काही प्रश्न अशा लोकांचे असतात, जे नुसते कॉफी प्यायला आले होते आणि शेजारच्या टेबलाशी प्रार्थना सुरू झालेली पाहून चमकले. तिघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. जिथे मतभेद आहेत तिथे माझं मत मी उघड सांगितलं आहे.

चर्च म्हणजे तर इमारत. मग बाहेर जमलेल्यांना चर्च कसं म्हणायचं?

मराठीत याचं उत्तर शब्दातच आहे. 'या मंडळी, बसा मंडळी' यातली मंडळी म्हणजे माणसं. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात चर्चसाठी हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमलेली सभा. त्यामागे जुन्या करारातल्या इस्राएलच्या सभेचा अर्थ आहेच, पण ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये इफिसच्या नगरसभेसाठी तोच वापरला आहे. पहिल्या विश्वासणाऱ्यांनी स्वतःला नाव घेतलं ते सभेचं, मंदिराचं नाही.

पण याची दुसरी बाजूही धरून ठेवायला हवी. चार ख्रिस्ती मित्र कॉफी प्यायले म्हणून तिथे मंडळी झाली, असं मी म्हणणार नाही. वचन, प्रार्थना, एकमेकांची जबाबदारी आणि नव्या माणसासाठी उघडं दार, एवढं असेल तर जागा कुठलीही असो, ती मंडळी आहे. नसेल तर तो मित्रांचा गट आहे. त्यातही वाईट काही नाही, फक्त त्याला त्याच नावाने ओळखावं.

आणि इमारतीला कमी लेखू नये. ज्या भिंतींत लोकांनी आपल्या माणसांना अखेरचा निरोप दिला, त्या भिंती त्यांच्यासाठी नुसती विटा-चुन्याची गोष्ट राहत नाहीत.

हे आजकालचं फॅड आहे का?

उलट आहे. स्वतःच्या इमारती ही नंतरची गोष्ट. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू करणारे कारागीर जोडपं. त्यांच्या घरी मंडळी जमे आणि प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्या मंडळीला सलाम पाठवतो. फिलिप्पै नगरात कापड विकणारी लुदिया पौलाला भेटली ती नदीकाठी. इफिसच्या सभास्थानात विरोध झाल्यावर पौलाने तुरन्न नावाच्या माणसाची पाठशाळा गाठली आणि दोन वर्षं तिथे रोज संवाद केला. काही जुन्या हस्तलिखितांत वेळही दिली आहे: पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण सकाळी ११ ते दुपारी ४. भर उन्हाची, लोकांच्या विश्रांतीची वेळ. दुसऱ्याची जागा ज्या वेळी रिकामी असते, त्या वेळी ती मागावी, हा धडा मला त्या एका ओळीत मिळाला.

इसवी सन १६५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती शिक्षकाची चौकशी झाली. तुम्ही कुठे जमता, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की ज्याला जिथे जमेल तिथे; ख्रिस्ती लोकांचा देव एका जागेत कोंडलेला नाही. तो स्वतः एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता आणि येणाऱ्यांना तिथेच शिकवत होता. युफ्रेटिस नदीवरच्या दुरा-युरोपोस या नगरात १९३१-३२ च्या उत्खननात एक घर सापडलं. तिसऱ्या शतकात त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केली होती आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद होता. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती सभास्थळांपैकी ते एक आहे, आणि ते राहतं घर होतं.

इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, त्यानंतर मोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. पण त्यांचा 'बॅसिलिका' हा आकारसुद्धा न्यायदान आणि व्यवहार चालणाऱ्या रोमन सभागृहाचा. देवळाचा नमुना त्यांनी घेतला नाही.

पुढे १७३९ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड हे प्रवचनकार खाणकामगारांसमोर उघड्यावर बोलले आणि त्यांनी मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींनाही बोलावलं. वेस्ली इतके शिस्तीचे, की चर्चबाहेर आत्मे वाचवणं म्हणजे जवळजवळ पापच, असं त्यांना तोवर वाटत होतं. २ एप्रिलला ब्रिस्टलजवळ ते उघड्यावर उभे राहिले आणि नंतर आयुष्यभर उभे राहत गेले. अलीकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या २००४ च्या एका अहवालाने अशा मंडळ्यांना 'फ्रेश एक्स्प्रेशन्स' (नवी रूपं) हे नाव रूढ केलं. वाट मात्र फार जुनी आहे.

कोणती जागा निवडावी?

जिथे तुम्ही आधीपासून जाता ती. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली: घर पहिली, कामाचं ठिकाण दुसरी, आणि जिथे माणसं सहज, बरोबरीच्या नात्याने भेटतात ती तिसरी. अशा जागेला नेहमीची माणसं असतात, तिची स्वतःची एक चाल असते. नकाशा उघडून 'इथे चांगली गर्दी असते' म्हणून जागा निवडणारे गट मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या वेटरचं नाव माहीत नसतं. सहा महिने तिथे नुसतं जाऊन बसा, ओळखी होऊ द्या, मग सभेचा विचार करा. उशीर वाटेल, पण त्याने काही बिघडत नाही.

बाकी गोष्टी साध्या आहेत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आत येऊ शकतो का, स्वच्छतागृह आहे का, रात्री एकटी बाई सुखरूप परतू शकेल का, आवाज घुमतो का.

मालकाशी काय बोलायचं?

सगळं. 'छोटीशी मित्रांची बैठक' असं सांगून प्रार्थनासभा भरवू नका. आपण ख्रिस्ती आहोत, प्रार्थना होईल, शास्त्रातला एक भाग वाचला जाईल, किती माणसं येतील, किती वाजता उठू, हे पहिल्याच भेटीत सांगा. मग विचारा की तुमचा मंद वेळ कोणता. तुरन्नाची पाठशाळा आठवा.

यातला सगळ्यात मोठा धडा मला एका खुर्चीने दिला. आमची पहिली सभा एका कॉफीच्या दुकानात होती. मालकाची परवानगी होती, भाडं ठरलं होतं. आम्ही लवकर जाऊन टेबलं जोडली, खुर्च्या गोलात मांडल्या. थोड्या वेळाने एक वयस्कर गृहस्थ दारात आले, खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि वळून निघून गेले. काउंटरवरच्या मुलीने मला नंतर सांगितलं, ते रोज त्याच खुर्चीत बसतात, पत्नी गेल्यापासून. आम्ही त्या संध्याकाळी प्रेमावर बोललो होतो.

चर्चच्या इमारतीत आपण यजमान असतो. कोण कुठे बसेल, दिवे कधी लागतील, हे आपण ठरवतो. दुसऱ्याच्या जागेत आपण पाहुणे असतो, भाडं दिलं तरीही. येशूने शिष्यांना गावोगावी पाठवलं तेव्हा सांगितलं होतं की ज्या घरी स्वीकारतील तिथे राहा, ते वाढतील ते खा. पाठवलेला माणूस रिकाम्या हाताने जातो आणि दुसऱ्याच्या पाहुणचारावर राहतो. रोजच्या जागेतल्या मंडळीला हे पाहुणेपण शिकावं लागतं, आणि मला वाटतं यातलं अर्धं काम तेवढंच आहे. पुढच्या आठवड्यापासून ती खुर्ची आम्ही जिथल्या तिथे ठेवली.

जाहिरातीत 'ख्रिस्ती सभा' असं लिहायचं की लोक येईपर्यंत थांबायचं?

लिहायचं. पहिल्याच ओळीत. संगीताची संध्याकाळ म्हणून बोलवून मध्येच संदेश सुरू करणं ही फसवणूक आहे, हेतू कितीही चांगला असो. त्या माणसाने खुर्चीत बसून सहन केलेली ती वीस मिनिटं तो विसरत नाही, आणि पुढच्या ख्रिस्ती माणसाशी बोलताना ती त्याच्या मनात असतात. कमी लोक येतील, येऊ द्या. जे येतील ते स्वतःच्या पायांनी आलेले असतील.

म्हणजे हे धर्मांतरासाठीच आहे ना?

हा प्रश्न रागाने विचारला जातो तेव्हाही तो रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. आमचा विश्वास आम्हाला मोलाचा आहे आणि विचारणाऱ्याला तो सांगायला आम्हाला आनंद होतो. पण मदतीच्या बदल्यात हजेरी, नोकरीच्या आशेने प्रार्थना, आजारी माणसाच्या भीतीचा फायदा, यातलं काहीही असेल तर ती सुवार्ता नव्हे. कोणाला नुसतं ऐकून जायचं असेल तर जाऊ द्या. वर्षभर येऊन 'मला पटलं नाही' म्हणणाऱ्याशीही मैत्री तशीच राहिली पाहिजे. ती राहत नसेल तर ती आधीही नव्हती.

शेजारच्या टेबलावर ज्यांचा काही संबंध नाही, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी ती संध्याकाळ त्यांचीच राहिली पाहिजे. माईक नको. सगळ्या दुकानाला उद्देशून बोलणं नको. डोळे मिटून हात वर करून मोठ्याने प्रार्थना करणं हे अनेकांच्या भक्तीचा भाग आहे, पण तिथे तो शेजाऱ्यावर लादला जातो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात हाच प्रश्न घेतला आहे: बाहेरचा माणूस आत आला आणि सगळे न कळणाऱ्या भाषांत बोलत असले, तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का? मुद्दा तोच. आत आलेल्याला काय चाललं आहे ते कळलं पाहिजे.

कोणी मुद्दाम वाद घालायला आलं तर शांतपणे ऐका, पण दुकानाला आखाडा होऊ देऊ नका. 'बाहेर जाऊन बोलू या का?' एवढं बहुतेक वेळा पुरतं.

सभा किती वेळाची आणि कशी असावी?

पाऊण तास ते एक तास. त्यात संदेश दहा-बारा मिनिटांचा, बाकी बोलणं. त्रोवस नगरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेला युतुख हा तरुण झोपेने पेंगला आणि खाली पडला. लोकांनी त्याला मेलेला म्हणून उचललं, पण तो जिवंत परतला, ही देवाची कृपा. पण माडीवरची खोली, पुष्कळ दिवे, लांबलेलं भाषण हे सगळं प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने नोंदवून ठेवलं आहे आणि सभा चालवणाऱ्याने ते वाचावं.

टेबलाभोवती बसल्यावर व्याख्यान चालत नाही, कारण माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतात. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं नाही असा एक प्रश्न टेबलावर ठेवा. 'क्षमा करणं कधी चुकीचं असतं का?' अशा प्रश्नावर विश्वास नसलेला माणूसही मनापासून बोलतो, आणि कधीकधी आपल्यापेक्षा खरं बोलतो. उत्तर द्यायची घाई करू नका. शास्त्रातला भाग छापून द्या. अध्याय-ओवी शोधताना नवा माणूस लाजतो. आपसातले शब्दही तपासा. 'साक्ष', 'अभिषेक', 'ओझं' हे शब्द आपल्याला घरचे, त्याला परके.

गाणी म्हणायची का?

जागा वेगळ्या खोलीची असेल तर जरूर. खुल्या दुकानात मी टाळतो, किंवा एकच गीत एका गिटारवर, तेही मालकाला विचारून. बहुतेक नव्या गीतांचे हक्क राखीव असतात. शब्द छापायला, पडद्यावर दाखवायला परवाना लागू शकतो, आणि चर्चच्या इमारतीत मिळणारी सवलत बाहेर लागू होईलच असं नाही. आधी चौकशी करा.

प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) देता येईल का? बाप्तिस्मा?

इथे प्रत्येक परंपरेचं उत्तर वेगळं आहे आणि ते मानायला हवं. कॅथलिक धर्मसंहितेच्या ९३२व्या कलमानुसार मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, पवित्र स्थळीच व्हावी, खरी गरज असेल तरच इतर ठिकाणी, आणि तीही शोभेल अशा जागी. इतर अनेक चर्चमध्ये अभिषिक्त पाळक हवा, जागेची अट सैल असते. काही मंडळ्यांत विश्वासणारे आपसात भाकर मोडतात. तुमच्या पाळकांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

माझं मत असं. उघड्या दुकानात, जिथे लोक ये-जा करतात, तिथे प्रभुभोजन करू नये. ते तमाशासारखं दिसू लागतं आणि शेजारी अवघडतात. दुकान बंद झाल्यावर, दार लोटून घेऊन करता येतं. पण एक गोष्ट विसरू नये: पहिलं प्रभुभोजन जेवणाच्या टेबलाशीच झालं, आणि पौल करिंथकरांवर रागावला तो जागेमुळे नाही. एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, यामुळे रागावला. ज्या टेबलाशी गरीब माणूस स्वतःची कॉफी घेऊ शकत नाही म्हणून नुसता बसून राहतो, तिथे तोच दोष आहे. त्याची कॉफी कोण, कसं गुपचूप घेणार, हे आधी ठरवा.

बाप्तिस्मा मूळ मंडळीत, सगळ्यांच्या साक्षीने व्हावा असं मला वाटतं.

जिथे दारू मिळते अशा जागी सभा भरवावी का?

काही देशांत अशा सभा वर्षानुवर्षं चालल्या आहेत आणि तिथे आलेली माणसं इतर कुठे आली नसती. तरी माझ्या मनात व्यसनातून बाहेर पडत असलेला माणूस आधी येतो. त्याला त्या दारातून आत यायला लावणं हा त्याच्यासमोर ठेवलेलं अडखळण आहे. अशी एकही व्यक्ती गटात असेल तर जागा बदला, आणि तिचं कारण तिला सगळ्यांसमोर सांगायला लावू नका.

मुलं आली तर?

आनंदाने. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेलं 'मेसी चर्च' मुलं आणि मोठे मिळून हस्तकला, उपासना, जेवण अशा रूपाचं आहे आणि ते पुष्कळ देशांत पसरलं. पण इमारतीपेक्षा इथे काळजी जास्त लागते, कारण दार सगळ्यांसाठी उघडं असतं. कोणताही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटा राहू नये, किमान दोघे असावेत. स्वच्छतागृहात मुलाला पालकच नेतील. पालकांच्या परवानगीशिवाय फोटो नाहीत. मुलांचं काम पाहणाऱ्यांची आधी पारख करा, ते कितीही जुने विश्वासणारे असोत. काही खटकलं तर कोणाला सांगायचं ते नाव सगळ्यांना माहीत हवं. याबाबतीत 'आपली माणसं आहेत' हे वाक्य मी ऐकून घेत नाही.

दानाची पेटी फिरवायची का?

नाही. पाहुण्याच्या समोरून पैशाची थैली गेली की त्याला आपण का बोलावलं गेलो ते कळलं असं वाटतं. खर्च मूळ मंडळीने किंवा गटातल्या नियमित लोकांनी उचलावा. आणि जागेत बसून पाण्याच्या ग्लासावर दीड तास काढू नका. विकत घ्या, वेटरला चांगली टीप द्या.

कोणी रडायला लागलं, किंवा घरातलं काही भयंकर सांगितलं तर?

होतंच हे. लोकांना वर्षानुवर्षं कोणी विचारलेलं नसतं. सगळ्यांसमोर प्रार्थनेला घेरू नका. 'थोडं बाहेर बसू या का?' असं विचारा. डोक्यावर हात ठेवण्याआधीही विचारा, आणि 'नको' म्हटलं तर नको. उघड्या जागेत शेजारचं टेबल ऐकतं, म्हणून नाव, आजार, भांडण असं काही मोठ्याने प्रार्थनेत घेऊ नका. मारहाण, आत्महत्येचे विचार, मुलाला धोका असं काही असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर, समुपदेशक किंवा पोलिस यांच्यापर्यंत पोहोचायला मदत करा. त्यांचे क्रमांक आधीच जवळ ठेवा.

कायद्याचं काय?

देश आणि गाव बदललं की नियम बदलतात. धार्मिक सभेची परवानगी, आवाजाची मर्यादा, अपघात झाल्यास विमा, भाडेकराराच्या अटी, या चार गोष्टी स्थानिक जाणकाराला विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. जिथे अशा सभेमुळे मालकाला त्रास होऊ शकतो तिथे ही चौकशी त्याच्यासाठी करा, फक्त स्वतःसाठी नाही.

आमचे पाळक म्हणतात, यामुळे रविवारची उपासना रिकामी होईल.

त्यांची भीती मनावर घ्या. त्यांच्या पाठीमागे काही सुरू करू नका. चर्च ऑफ इंग्लंडचे माजी प्रमुख आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी जुन्या आणि नव्या रूपांच्या मंडळ्या शेजारी-शेजारी, एकमेकांना धरून असाव्यात यासाठी 'मिश्र अर्थव्यवस्था' हा शब्द वापरला. मला तो पटतो. रविवारच्याच लोकांना कॉफीच्या दुकानात नेऊन बसवलं, तर पाळकांचं बरोबर आहे. मूळ मंडळीतले चार-पाच जण पुरे, बाकी खुर्च्या नव्या लोकांसाठी. आणि कोणाला तरी उत्तर देणारे राहा: दर महिन्याला पाळकांना काय चाललं आहे ते सांगा, हिशेब दाखवा. एकाच गोड बोलणाऱ्या माणसाभोवती फिरणारा, कोणालाच न विचारणारा गट ही मोठी जोखीम आहे, तो कुठेही जमो.

तीनच जण आले तर?

ठरलेल्या वेळी सुरू करा. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी त्यांच्यामध्ये आहे, हे येशूचं वचन आपल्याला पाठ आहे. रिकाम्या खुर्च्या मोजण्यापेक्षा आलेल्या तिसऱ्याला नीट ऐका.

मालकाने अचानक जागा बंद केली तर?

दुकान विकलं जातं, भाडं वाढतं, मालकाचं मन बदलतं. वाद घालू नका, कारण विचारायचा आपला हक्क नाही. गटाला आधीपासून माहीत असू द्या की जागा उसनी आहे, आणि सगळ्यांचे संपर्क एकाच माणसाकडे न ठेवता दोघा-तिघांकडे ठेवा.

आमचं ते पहिलं दुकान गेलं तेव्हा शेवटच्या सभेनंतर आम्ही टेबलं पुसली, खुर्च्या मूळच्या जागी लावल्या, काउंटरवरच्या मुलीचे आभार मानले. खिडकीजवळचे गृहस्थ तोवर रोज तिथे असत. कधी आमच्यात बसले नाहीत, पण शास्त्राचा छापलेला कागद टेबलावर ठेवला तर वाचत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता पुढच्या आठवड्यात कुठे?" आम्ही पत्ता लिहून दिला आणि तिथे बस जाते का, हेही सांगितलं.